संततिनियमनाचा सल्ला आणि खेड्यातील नर्सबाई

(तृतीय वर्ष कला, समाजशास्त्र)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आमच्या गटाच्या वाट्याला श्रमदानाऐवजी सर्वेक्षण आले, तेव्हा आम्हा मुलींना मनातून बरे वाटले हे कबूल केले पाहिजे. कुदळ-फावड्यापेक्षा वही-पेन केव्हाही हलके. मला गावच्या आरोग्य उपकेंद्रात बसून कोण येते, कशासाठी येते याची नोंद करावयाची होती. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता आणि कोपऱ्यात औषधांचे लोखंडी कपाट. आतल्या खोलीला दार होते, पण ते पावसाने फुगलेले असल्यामुळे कधी लागत नसे. या न लागणाऱ्या दाराचा पुढे संबंध येणार आहे.

तिसऱ्या दिवशी एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी सासूबरोबर आली. अशक्तपणा वाटतो, असे सासूनेच सांगितले. लग्नाला चार महिने झालेले. सासू ओट्यावर कुणाशी बोलत थांबली, तेवढ्यात ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, “बाई, दोन वर्षं तरी नको होतं. मी बहिःस्थ बी.ए.चा फॉर्म भरलाय.” नर्सबाईंनी दाराकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अगं, पहिलं होऊ दे, मग बघू. आत्ताच काही घेतलंस आणि पुढं राहिलंच नाही, तर मलाच धरतील सगळे.” लोहाच्या गोळ्यांची पाकिटे तिच्या हातात पडली आणि ती गेली.

त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरी एक बाई धाकट्याला लस टोचून घेण्यासाठी आली. तिचे वय चोवीसच्या आसपास, मुले दोन. तिच्याशी नर्सबाई चांगल्या वीस मिनिटे बोलल्या. ऑपरेशनचा दिवस कोणता, गाडी कुठे थांबेल, बरोबर कुणाला आणायचे, खात्यात पैसे किती जमा होतील, टाके किती दिवसांनी काढतात, सगळे नीट सांगितले. “एकदा केलंस की जन्माची कटकट मिटली,” हे दोनदा सांगितले. तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध यांपैकी एकही शब्द त्या वीस मिनिटांत आला नाही.

पहिलीला काहीच नाही आणि दुसरीला एकच एक! माझ्या वहीत त्या दिवशी दोघींच्या नावापुढे ‘कुटुंबनियोजनाचा सल्ला’ या रकान्यात काय लिहावे ते मला समजेना.

या नर्सबाई अडाणी किंवा कामचुकार होत्या असे मात्र कोणी समजू नये. उपकेंद्राखाली साधारण पाच हजार वस्ती धरलेली असते, डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार. ही सगळी वस्ती त्या दुचाकीवरून पालथी घालीत. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली तर त्यांनाच हाक येई. गावात त्यांच्याविषयी आदर होता. प्रश्न त्यांच्या चांगुलपणाचा नाही. इतकी कष्टाळू आणि अनुभवी स्त्री संततिनियमनाचा विषय निघाला की एकाच वाटेने का चालू लागते, हा आहे. त्याचे उत्तर शोधताना मला त्यांच्या स्वभावापेक्षा त्यांच्या नोंदवहीत जास्त सापडले.

आधी साधने कोणती आणि ती कोणाला चालतात हे थोडक्यात पाहू. सरकारी केंद्रात आज निरोध, माला-एन या रोज घ्यावयाच्या गोळ्या, तांबी, आणि २०१७ पासून ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन व ‘छाया’ ही आठवड्याची गोळी, इतक्या गोष्टी विनामूल्य मिळतात. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यावयाची असते. तिच्यात संप्रेरके नाहीत, आणि ते औषध लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेले आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. तांबीचे दोन प्रकार आहेत, एक पाच वर्षांचा व एक दहा वर्षांचा. यांखेरीज स्त्रीची किंवा पुरुषाची शस्त्रक्रिया. आता महत्त्वाची गोष्ट अशी की, मूल न झालेल्या स्त्रीला ही तात्पुरती साधने वर्ज्य आहेत असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे गोळ्या आणि इंजेक्शन तिला बिनदिक्कत चालतात. तांबीसाठीसुद्धा तपासणी करून घेण्याची काळजी सुचविली आहे, बंदी नाही. गोळ्या थांबविल्या की गर्भधारणेची शक्ती लवकर परत येते. इंजेक्शनानंतर मात्र काही महिने उशीर लागतो, आणि हे आधी सांगावे लागते.

म्हणजे त्या पहिल्या मुलीला देता येईल असे काही कपाटात नव्हते असे नाही. मी स्वतः ‘छाया’ची पाकिटे वरच्या फळीवर पाहिली होती.

आकड्यांकडे पाहिले तर या एका ओट्यावर जे दिसले तेच देशभर दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ०.३ टक्के. गोळ्या घेणाऱ्या ५.१ टक्के, तांबी वापरणाऱ्या २.१ टक्के. आपल्या महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रियेचा मार्ग पत्करलेला. ही शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे पंचविशीच्या आसपास होते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी पहिले मूल, तेविसाव्या वर्षी दुसरे, पंचविसाव्या वर्षी ऑपरेशन. आपण ज्या वयात एम.ए. करावे की बी.एड. याचा विचार करीत असतो, त्या वयात तिचा हा सगळा अध्याय आटोपलेला असतो. त्यात ‘लांबविणे’ हा शब्द कुठेच नाही, फक्त ‘थांबविणे’ आहे.

हे असे का झाले ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संततिनियमनाचा सल्ला ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र उघडले होते. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. संततिनियमनाच्या या कार्यापायी प्राध्यापकी गेली, खटले झाले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. पुढे शकुंतलाबाई परांजपे यांनी पुण्यात हेच काम हाती घेतले. या मंडळींच्या विचारात एक गोष्ट स्पष्ट होती. मूल केव्हा हवे आणि हवे की नको, हा प्रश्न त्या बाईच्या शरीराचा व सुखाचा आहे. देशाची लोकसंख्या वगैरे हिशेब नंतरचे. समोर बसलेल्या माणसाला काय हवे आहे इथपासून सल्ला सुरू होई.

स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेतला. असा कार्यक्रम हाती घेणारा भारत हा पहिला देश. सुरुवातीची वर्षे केंद्र उघडा आणि येईल त्याला सांगा, अशा पद्धतीची होती. लोक फारसे आले नाहीत. मग १९६५ साली लूप आला. लूप बसविण्याची घाई इतकी झाली की नंतर रक्तस्राव झाला, पोट दुखले तर बाईने कोणाकडे जावे याची सोय मागेच राहिली. लूपविषयी ज्या भयंकर अफवा पसरल्या, त्यांचे मूळ या न मिळालेल्या उत्तरांत होते असे मला वाटते. आजही आमच्या शिबिराच्या गावात एका आजींनी मला “ती वरती छातीत जाते” असे तांबीविषयी सांगितले. साठ वर्षांपूर्वीची ती भीती आहे, फक्त साधनाचे नाव बदलले.

त्याच सुमारास, १९६६-६७ पासून, उद्दिष्टांची पद्धत आली. कोणत्या जिल्ह्याने किती शस्त्रक्रिया, किती लूप, याचे आकडे वरून येऊ लागले. जिल्ह्याचा आकडा तालुक्यात वाटला गेला, तालुक्याचा केंद्रात आणि केंद्राचा नर्सबाईत. केरळातील एर्नाकुलम येथे जुलै १९७१ च्या एका शिबिरात ६३ हजारांवर पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि शिबिर हाच कार्यक्रमाचा आदर्श नमुना ठरला. पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२.६ लाख शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे ६२ लाख पुरुषांच्या. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक यांनाही ‘केसेस’ आणण्याचे बंधन घातले गेले. आपल्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच १९७६ साली संमत केले होते. त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून ते राहिले. १९७७ साली सरकार पडले आणि पुढील वर्षी शस्त्रक्रियांचा आकडा दहा लाखांच्या खाली घसरला. खात्याचे नाव ‘कुटुंबनियोजन’ होते, ते ‘कुटुंबकल्याण’ झाले.

नाव बदलले, पण आणखी एक गोष्ट बदलली आणि तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. पुरुष मतदानाच्या वेळी रागावतात हे राज्यकर्त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून शस्त्रक्रियेचा सगळा भार बायकांच्या पोटावर गेला. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया सोपी, सुरक्षित, पोट न उघडता होणारी. ती झाल्यावर तीन महिने निरोध वापरावा लागतो, एवढे सांगितले की झाले. पण ती कोण सांगणार? खेड्यात पुरुषांशी हा विषय बोलणे नर्सबाईंना अवघड जाते आणि पुरुष आरोग्यसेवक आपले काम हिवताप आणि पाण्याच्या तपासणीचे असे समजतात. “पुरुषाला अशक्तपणा येतो, त्याला ओझी उचलायची असतात,” हे वाक्य मी त्या सात दिवसांत दोघांकडून ऐकले. त्यांतला एक आरोग्य खात्याच्याच नोकरीत होता.

एप्रिल १९९६ पासून उद्दिष्टे रद्द झाली. १९९४ च्या कैरो परिषदेत बाईचा निर्णय हाच केंद्रबिंदू मानावा असे जगातील राष्ट्रांनी मान्य केले होते, त्याचा हा परिणाम. कागदावर ते खरोखरच झाले. पण लवकरच ‘अपेक्षित साध्यपातळी’ नावाचा नवा शब्द आला, आणि मासिक सभेत “या महिन्यात किती?” हा जुनाच प्रश्न कायम राहिला. नर्सबाईंची वही मी पाहिली. शस्त्रक्रियेसाठी नाव, वय, मुले, तारीख, सही असे भरपूर रकाने होते. एखादीने दोन साधनांची माहिती विचारली, विचार करून सांगते म्हणाली आणि घरी गेली, तर त्या भेटीसाठी त्या वहीत जागाच नाही. अर्धा तास बोलणे झाले तरी ते काम झाले असे कुठे दिसत नाही.

एका संध्याकाळी चहा पिताना मी त्यांना धीर करून विचारले की त्या बाईला तांबीविषयी का नाही सांगितले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “तांबी बसवली तर महिन्यानं तपासायला यायला हवी. दुखलं तर माझ्याकडे, रक्त गेलं तर माझ्याकडे, काढायची तर माझ्याकडे. गोळ्या दिल्या तर एखादी विसरणार, दिवस जाणार, आणि नाव माझं. ऑपरेशनला एकदा नाव लिहिलं की मी सुटले आणि तीही सुटली.” आपल्या अर्थशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो, ते इतक्या सरळ शब्दांत मी पूर्वी ऐकले नव्हते. तात्पुरते साधन म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे काम आणि पुन्हा पुन्हा येणारा दोष. शस्त्रक्रिया म्हणजे एक नोंद.

यात एक विसंगती आहे, ती मी त्यांना बोलून दाखविली. खेड्यातील बाईच्या लक्षात राहत नाही म्हणून तिला रोजची गोळी देत नाहीत. पण तीच बाई गरोदर राहिली की तिच्या हाती १८० लोहाच्या गोळ्या देऊन त्या रोज घे म्हणून सांगतात, आणि घेतल्या नाहीत तर तिलाच रागावतात! त्या हसल्या. “ते खरं आहे,” एवढेच म्हणाल्या.

दुसरा मोठा विषय दुष्परिणामांचा. “सांगितलं तर बायका घाबरतात, घेतच नाहीत,” हे मत केवळ त्या एकट्या नर्सबाईंचे नाही. डॉक्टर, आशाताई, औषधाच्या दुकानदारापर्यंत सर्वांचे आहे. सल्ल्याचा दर्जा मोजण्यासाठी जगभर तीन साधे प्रश्न विचारतात. दुसरी साधने कोणती हे सांगितले का? दुष्परिणाम सांगितले का? ते झाले तर काय करायचे हे सांगितले का? वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात साधन वापरणाऱ्यांपैकी ६२.४ टक्के स्त्रियांना दुष्परिणाम सांगण्यात आले होते. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ४६.५ टक्के होते, तेव्हा सुधारणा आहे हे मान्य केले पाहिजे. तरीही दहांपैकी जवळजवळ चौघींना ते कोणी सांगितलेले नाही. आणि जी बाई काहीच साधन वापरीत नाही, तिच्याशी आरोग्य कर्मचारी या विषयावर कधीतरी बोलला, असे प्रमाण तर २३.९ टक्के, चारांत एकसुद्धा नाही.

न सांगण्याचा परिणाम काय होतो हे ‘अंतरा’ इंजेक्शनावरून चांगले समजते. पहिले काही महिने पाळी अनियमित होते, अधूनमधून डाग पडतात. पुढे अनेकींची पाळी काही काळ थांबते. यात धोका नाही. परंतु खेड्यात पाळी थांबणे म्हणजे एक तर दिवस गेले, नाही तर रक्त आत साठले. आधी सांगितलेले नसेल तर बाई घाबरून दुसरे इंजेक्शन घ्यायला येतच नाही, आणि विहिरीवर, शेतात, बचतगटात आणखी दहाजणींना सांगते. मग पुढल्या वर्षी नर्सबाई म्हणतात, “आमच्या गावात इंजेक्शन चालत नाही.” लूपचे १९६५ नंतर जे झाले, तेच लहान प्रमाणात पुन्हा.

याच्याशी जोडलेला आणखी एक धागा आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा एक अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, त्यांत ९२ टक्के स्त्रियांना प्रजननसंस्थेचा एक ना एक विकार आढळला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. त्या काळी खेड्यातील बाईच्या आरोग्याचा सरकारी अर्थ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढाच होता. अंगावरून पांढरे जाते, कंबर भरून येते, या तक्रारी कोणी ऐकूनच घेत नव्हते. अशा बाईला तांबी बसविली आणि नंतर कंबर दुखली, तर ती तांबीलाच दोष देणार हे साहजिक आहे. आधी तिचे दुखणे ऐकले असते तर ते कुठून आले हे तिलाही कळले असते आणि नर्सबाईंनाही. सल्ला म्हणजे नुसते सांगणे नव्हे, आधी ऐकणे हा त्याचा पहिला भाग असतो, असे आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितले होते. तेव्हा मी ते परीक्षेपुरते लिहून घेतले होते.

डॉक्टरांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगते आणि पुढे जाते. स्त्रीच्या शस्त्रक्रियेसाठी नवऱ्याची संमती लागत नाही, असे सरकारी नियमावलीत स्पष्ट आहे. प्रत्यक्षात मात्र नवऱ्याची सही अनेक ठिकाणी मागतात. “उद्या तो भांडायला आला तर?” हे कारण देतात. नियम ठाऊक नसतो असे नाही, नियमापेक्षा नवऱ्याची भीती मोठी असते. दुसरी गोष्ट शिबिरांची. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एका शिबिरात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यानंतरच्या दिवसांत अनेक तरुण स्त्रिया दगावल्या. १४ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या ८३ जणींना तिथे आणणाऱ्याही कुणीतरी नर्सबाई आणि आशाताईच असतील. त्यांनी आपल्या परीने भलेच केले असे त्यांना त्या सकाळी वाटले असेल.

आशाताईंचा प्रश्न वेगळा आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार वस्तीमागे एक, गावातलीच, याप्रमाणे त्यांची नेमणूक सुरू झाली. ती गावचीच सून असल्यामुळे कोणत्या घरात कोणाचे चालते, कोण चोरून गोळ्या घेते, हे तिला ठाऊक असते. सल्ला देण्यास तिच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही. परंतु तिचा मोबदला बव्हंशी कामागणिक ठरतो. २००७ च्या केंद्रीय दरानुसार स्त्रीची शस्त्रक्रिया घडवून आणणाऱ्यास १५० रुपये व पुरुषाची घडवून आणल्यास २०० रुपये ठरले होते. लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबविल्यास ५०० रुपयांची योजनाही २०१२ मध्ये निघाली. तेव्हा सरकारला ‘लांबविणे’ सुचलेच नाही असे म्हणता येणार नाही. पण दोन वर्षांनी मिळणाऱ्या ५०० रुपयांसाठी नव्या नवरीच्या सासूशी वैर घेणारी आशाताई मला तरी भेटली नाही. शिवाय तिच्या स्वतःच्या सासूचाही प्रश्न असतोच.

याउलट घडू शकते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले, त्यात गावातील साध्या, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. या बायका पाणी, मुलांचे खाणे, बाळंतपण, हगवण यांविषयी रोज बोलत, आणि त्याच बोलण्यात कधीतरी पाळणा लांबविण्याचा विषय निघे. जिने आपले मूल हगवणीतून वाचविले तिने सांगितलेले पटते. तिथे कोणी तारीख आणि गाडी घेऊन दारात उभे राहत नव्हते.

अविवाहितांविषयी लिहावे की नाही याचा मी विचार केला. वार्षिकांक घरोघरी जातो. तरीही दोन वाक्ये लिहिते. नर्सबाईंच्या वहीचे नावच ‘पात्र जोडपे नोंदवही’ आहे, तेव्हा लग्न न झालेली मुलगी तिच्यात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कायदा मात्र पुढे गेला आहे. गर्भपाताच्या कायद्यातील ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ हे शब्द २०२१ च्या दुरुस्तीने बदलून ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे केले आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेचाही हक्क मान्य केला. नोंदवही अजून तिथवर पोचलेली नाही, आणि खरे सांगायचे तर आपले महाविद्यालयही नाही.

आपल्या वर्गापुरते बोलायचे तर प्रथम वर्षाला आमच्या तुकडीत ज्या मुली होत्या, त्यांपैकी चौघी तृतीय वर्षाला नाहीत. चौघींचीही लग्ने झाली. त्यांपैकी एक बाजारात भेटली तेव्हा कडेवर मूल होते. पुढल्या वर्षी परीक्षेला बसते म्हणाली. ‘पहिलं होऊ दे’ हे वाक्य तिलाही कोणीतरी ऐकविले असणार. ते वाक्य ऐकविणारी बाई वाईट नसते, फक्त त्या बाईच्या पाठीशी कोणी नसते. मूल न झाल्याचा दोष सुनेवर येतो, आणि सुनेला गोळी दिल्याचा दोष नर्सबाईंवर. दोघींना ज्या घराची भीती वाटते, ते घर एकच.

शिबिर संपण्याच्या आदल्या दिवशी मी वही मिटवत असताना नर्सबाईंनी आपणहून त्या मुलीचा विषय काढला. तिचे घर मारुतीच्या देवळामागे होते आणि आमचा गट त्या आळीत शेवटचे सर्वेक्षण करणार होता. त्या म्हणाल्या, “तिला म्हणावं, बुधवारी लसीकरणाच्या दिवशी ये. सासूला सांगायचं, रक्त तपासायला बोलावलंय. गर्दी असते, कोणी लक्ष देत नाही. आणि जमलं तर नवऱ्याला घेऊन ये म्हणावं. त्याच्या कानावर असलेलं बरं, नसला येत तर एकटी ये.” मग कपाट उघडून ‘छाया’चे पाकीट वरच्या फळीवरून काढून त्यांनी त्यावरची मुदतीची तारीख पाहिली आणि ते खणात ठेवले. फुगलेल्या दाराकडे बघून म्हणाल्या, “ग्रामपंचायतीला तीनदा सांगितलं, सुतार पाठवा म्हणून.”

मी निरोप दिला. त्या मुलीने मान हलविली, हो म्हणाली की नाही ते समजले नाही, कारण सासू अंगणातच तांदूळ निवडीत होती. आमची गाडी मंगळवारी सकाळी निघाली.